अनवाणी अबेबे



या वेळच्या भित्तिपत्रिकेसाठी गुरुजींनी प्रत्येकाला एकेका थोर खेळाडूची माहिती लिहून आणायला सांगितली होती. पुष्कळ मुलांनी क्रिकेटचे खेळाडू निवडले. दोघांनी तर एकच खेळाडू निवडला आणि त्यावरून मधल्या सुट्टीत भांडण झाले. मी अबेबे बिकिला यांची माहिती लिहिली आहे. हे नाव वर्गात कोणालाच माहीत नव्हते. मलासुद्धा नव्हते. गुरुजींनी सांगितले तेव्हा आधी मला ते मुलीचे नाव वाटले.

हा लेख मी दोनदा लिहिला आहे. पहिल्यांदा लिहिला तो अर्धाच होता. का अर्धा होता ते मी पुढे सांगीन.

अबेबे बिकिला हे इथिओपिया देशाचे धावपटू होते. इथिओपिया आफ्रिका खंडात आहे. नकाशात आफ्रिकेच्या उजव्या अंगाला शिंगासारखे एक टोक समुद्रात घुसलेले दिसते, त्याच्या अलीकडे हा देश आहे. तिकडच्या लोकांना आडनाव नसते. आधी स्वतःचे नाव आणि मग वडिलांचे नाव, संपले. आपल्या हजेरीपटातली आडनावे खोडली तर आपलीपण नावे इथिओपियासारखी होतील. म्हणून मी त्यांना नुसते अबेबे म्हणणार आहे. अबेबे म्हणजे त्यांच्या भाषेत फुलला, बहरला.

त्यांचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ रोजी एका लहान खेड्यात झाला. त्या खेड्याचे नाव जातो! हे ऐकून आम्ही खूप हसलो. कारण आपण घरी मी जातो म्हणतो, आणि हा तर पळणारा माणूस. आणखी एक गंमत अशी की ज्या दिवशी त्यांचा जन्म झाला त्याच दिवशी तिकडे अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात ऑलिंपिकची मॅरेथॉन शर्यत चालू होती. त्यांच्या आईला याचा पत्ता असणार नाही.

लहानपणी अबेबे गुरे राखायचा. काठी आणि चेंडूचा गेना नावाचा एक खेळ तिकडे आहे, तो खेळायचा. तो तीन वर्षांचा असताना, म्हणजे १९३५ साली, इटली देशाने इथिओपियावर स्वारी केली. लढाईमुळे त्यांच्या घरच्यांना गाव सोडून दूर जाऊन राहावे लागले. ही इटलीची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती परत येणार आहे.

मोठे झाल्यावर अबेबे राजधानी अदिस अबाबाला गेले आणि बादशहा हैले सेलासी यांच्या रक्षक दलात शिपाई झाले. अदिस अबाबा हे शहर २३०० मीटरपेक्षा जास्त उंचीवर आहे. आपल्या महाराष्ट्रातले सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. म्हणजे त्यांचे शहरच कळसूबाईच्या डोक्यावर बसले आहे असे समजा. इतक्या उंचावर हवा विरळ असते. लवकर दम लागतो. पण तिथेच रोज जो धावतो त्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी वाढतात. मग तो खाली सपाटीवर आला की इतरांपेक्षा त्याला दम कमी लागतो. हे गुरुजींनी फळ्यावर चित्र काढून समजावले.

रक्षक दलाच्या शिपायांना शिकवायला ओन्नी निस्कानेन नावाचे स्वीडन देशाचे गृहस्थ होते. त्यांनी अबेबे यांचे धावणे पाहिले आणि त्यांना मॅरेथॉनसाठी तयार केले. कधी बूट घालून, कधी अनवाणी, कधी डोंगरात, कधी रस्त्यावर असा सराव चाले.

आता मॅरेथॉन म्हणजे काय ते सांगते. ही ४२ किलोमीटर १९५ मीटरची शर्यत असते. आमच्या गावाहून तालुक्याचे गाव १४ किलोमीटर आहे. म्हणजे पळत तालुक्याला जायचे, तिथून पळत घरी यायचे आणि पाणीसुद्धा नीट न पिता परत तालुक्याला जायचे. आणि तिथे गेल्यावर १९५ मीटर राहिलेच! एसटीत बसून नुसते एकदा गेले तरी माझे पाय अवघडतात.

१९६० साली ऑलिंपिक इटलीत रोम शहरात होते. अबेबे तेव्हा २८ वर्षांचे होते आणि त्यांना बाहेरच्या जगात फारसे कोणी ओळखत नव्हते. मॅरेथॉन १० सप्टेंबरला होती. रोममध्ये नवे बूट पाहिले पण ते पायाला चावले, फोड आले. मग त्यांनी आणि निस्कानेन यांनी ठरवले की अनवाणीच धावायचे. सराव तर होताच.

इथे मला एक सांगायचे आहे. पुष्कळ जण सांगतात की ते गरीब होते, बूट घ्यायला पैसे नव्हते म्हणून अनवाणी धावले. मीपण पहिल्यांदा तसेच लिहिले होते. गुरुजींनी ते खोडले. बूट होते. नीट बसले नाहीत म्हणून काढले. मला हे जास्त पटले, कारण मागच्या वर्षी केंद्राच्या स्पर्धेत मी माझ्या बहिणीचे कॅनव्हासचे बूट पुढे कापूस कोंबून घातले होते आणि अर्ध्यात एक बूट मागेच राहिला. नीट न बसणारा बूट असण्यापेक्षा नसलेला बरा.

रोममध्ये उन्हाळा कडक असतो म्हणून शर्यत संध्याकाळी सुरू केली. धावता धावता अंधार पडला. अप्पियन मार्ग नावाचा दोन हजार वर्षांपेक्षा जुना दगडी रस्ता आहे, त्याच्यावरून शर्यत जात होती. दिवे नव्हते म्हणून रस्त्याच्या कडेला शिपाई हातात मशाली घेऊन उभे होते. गुरुजींनी त्या शर्यतीची जुनी फीत आम्हाला दाखवली. तिच्यात अंधारातून एक बारीक माणूस येतो. त्याचे डोके हलत नाही. नुसते पाय चालतात. पायांचा आवाजपण येत नसेल असे वाटते.

निस्कानेन यांनी त्यांना बजावले होते की २६ नंबरच्या माणसावर लक्ष ठेव. तो मोरोक्को देशाचा राधी होता आणि तो फार वेगवान होता. पण त्या दिवशी राधी २६ नंबर लावून आलाच नाही. त्याच्या अंगावर १८५ नंबर होता. अबेबे एकेकाला मागे टाकत चालले. शेवटी त्यांच्याबरोबर फक्त १८५ नंबरवाला उरला. अबेबे मात्र पुढे २६ नंबरचा माणूस कुठे दिसतो का ते शोधत होते. त्यांना वाटले तो अजून पुढेच आहे! ज्याला शोधत होते तो शेजारीच धावत होता. मला हा भाग सगळ्यात आवडतो. मी तो घरी तीनदा सांगितला.

शर्यत संपायच्या थोडे अलीकडे, एक किलोमीटरसुद्धा नसेल, चौकात एक उंच दगडी स्तंभ होता. तो स्तंभ इथिओपियातल्या अक्सुम गावचा. १७०० वर्षांच्या आसपास जुना. लढाईनंतर १९३७ साली इटलीच्या लोकांनी तो इथिओपियातून उचलून रोमला नेऊन उभा केला होता. अबेबे यांनी आणि निस्कानेन यांनी आधी रस्ता बघून ठेवला होता आणि ठरवले होते की याच स्तंभापाशी वेग वाढवायचा. तसेच केले. स्तंभ आला आणि अबेबे सुटले. राधी मागे पडला. अबेबे २५ सेकंद आधी पोहोचले. वेळ लागला २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद. तोपर्यंत जगात मॅरेथॉन कोणी इतक्या लवकर धावले नव्हते. आधीच्यापेक्षा एक सेकंदसुद्धा कमी नव्हता, पण कमी तो कमी.

इथिओपियाचे हे पहिले ऑलिंपिक पदक, आणि तेपण सोन्याचे. ज्या इटलीने त्यांच्यावर स्वारी केली होती त्याच इटलीच्या राजधानीत एक इथिओपियाचा शिपाई अनवाणी पायांनी पहिला आला. तो स्तंभ पुढे २००५ साली इटलीने परत दिला आणि २००८ साली तो अक्सुमला पुन्हा उभा राहिला. ते बघायला अबेबे नव्हते.

गुरुजींनी आम्हाला गणित घातले. २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत ४२ किलोमीटर १९५ मीटर, तर १०० मीटरला किती सेकंद? उत्तर १९ सेकंद आणि थोडे वर. आमच्या वर्गातला सगळ्यात जोरात पळणारा मुलगा १०० मीटर १७ सेकंदांत पळतो आणि मग लिंबाखाली बसून धापा टाकतो. अबेबे १९ सेकंदांत एक असे शंभर मीटर पळाले, जवळजवळ ४२२ वेळा, मध्ये न थांबता. हे कळल्यावर तो मुलगा गप्प झाला.

नंतर १९६१ साली ग्रीस, जपान अशा देशांत ते पहिले आले. १९६३ साली अमेरिकेत बोस्टनला मात्र पाचवे आले. त्यांचे लग्न झाले होते, पुढे चार मुले झाली.

१९६४ चे ऑलिंपिक जपानमध्ये टोकियोला होते. त्याच्या पाच-सहा आठवडे आधी सराव करताना अबेबे यांच्या पोटात फार दुखू लागले. अपेंडिक्स सुजले होते. शस्त्रक्रिया झाली. आमच्या आजीची अशीच शस्त्रक्रिया झाली होती तेव्हा ती दोन महिने कळशी उचलत नव्हती. अबेबे मात्र दवाखान्यातच हळूहळू चालायला आणि मग पळायला लागले. २१ ऑक्टोबर १९६४ रोजी ते मॅरेथॉनला उभे राहिले. या वेळी पायात पांढरे बूट आणि मोजे होते. अनवाणी माणूस बूट घालून धावला, आणि आणखी जोरात धावला! २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंद. पुन्हा जगात सर्वांत कमी वेळ. ते मैदानात आले तेव्हा दुसरा माणूस चार मिनिटांहून जास्त मागे होता. लोकांना वाटले आता हे खाली कोसळतील. पण ते गवतावर गेले आणि कवायत करू लागले. वाकून पायाची बोटे धर, पाठीवर झोपून पाय हवेत फिरव, असे. नुकते झोपेतून उठून व्यायामाला आल्यासारखे. ऑलिंपिकची मॅरेथॉन दोनदा जिंकणारे ते जगातले पहिले. बादशहांनी त्यांना बढती दिली आणि फोक्सवॅगन मोटार बक्षीस दिली.

तिसऱ्यांदा १९६८ साली मेक्सिकोत ते उभे राहिले. पण पाय आधीच दुखावला होता. सुमारे १७ किलोमीटरवर त्यांना शर्यत सोडावी लागली. त्यांच्याच देशाचे मामो वोल्डे पुढे गेले आणि जिंकले. इथिओपियाचे तिसरे सोने.

माझा पहिला लेख टोकियोपाशीच संपला होता. कवायत करतात तिथे मी पूर्णविराम दिला आणि खाली फुलाची वेल काढली. गुरुजींनी वाचून विचारले की पुढचे कुठे आहे. मी काही बोलले नाही.

आता कारण सांगते. आमच्या घरी तात्या आहेत, माझे चुलते. ते पोलीस भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्याने धावायचे. अंगणात आले की गार पाण्याने पाय धुवायचे, तो आवाज ऐकून मी उठायचे. दोन वर्षांपूर्वी चिंचा पाडताना ते झाडावरून पडले. कंबरेला मार लागला. तेव्हापासून ते चालत नाहीत. ओसरीवर बाजेवर असतात. चाकाची खुर्ची आली आहे पण ते तिच्यात बसत नाहीत, ती कोपऱ्यात असते आणि तिच्यावर घड्या केलेले कपडे ठेवतात. मी जे काही शाळेत लिहिते ते संध्याकाळी त्यांना वाचून दाखवते. अबेबे यांचे पुढचे कसे वाचू? म्हणून मी लिहिलेच नव्हते. २६ नंबरच्या गोष्टीला ते हसले होते. खूप दिवसांनी हसले होते.

पण वाचून झाल्यावर तात्यांनी विचारले की मेक्सिकोनंतर ते काय करत होते. वही माझ्या हातात होती. मला खोटे बोलता आले नाही. मी रडत रडत सगळे सांगून टाकले. ते आता लिहिते.

२२ मार्च १९६९ च्या रात्री अबेबे राजधानीबाहेरच्या रस्त्यावर आपली फोक्सवॅगन चालवत होते. मोटार रस्त्याच्या खाली जाऊन उलटली. ते आत अडकले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बाहेर काढले. मानेला आणि पाठीच्या कण्याला मार लागला होता. आधी तर हातसुद्धा हलत नव्हते. त्यांना विमानाने इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात नेले. तिथे ते आठ महिने होते. हात परत हलू लागले. पाय नाही. जे पाय सगळ्या जगाने पाहिले होते तेच.

त्या रुग्णालयात पूर्वीपासून एक निराळी गोष्ट चालू होती. तिथले डॉक्टर लुडविग गटमन यांचे म्हणणे होते की पाठीचा कणा दुखावलेल्या माणसाला नुसते झोपवून ठेवू नये, त्याला खेळायला लावावे. त्यांनी १९४८ साली चाकाच्या खुर्चीत बसलेल्या १६ जणांची धनुष्यबाणाची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक झाले. आणि पहिले पॅरालिंपिक कुठे झाले माहीत आहे का? रोमला. १९६० साली. अबेबे मशालींच्या उजेडात धावले त्यानंतर आठच दिवसांनी, त्याच शहरात. पुढे १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावच्या मुरलीकांत पेटकर यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. तेपण सैन्यात होते. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या होत्या.

अबेबे बसून धनुष्य ओढायला शिकले. १९७० साली स्टोक मँडेव्हिलच्या स्पर्धेत त्यांनी धनुष्यबाण आणि टेबल टेनिस या खेळांत भाग घेतला. जिंकले नाहीत. दोन सुवर्णपदकांचा माणूस, पण नवशिक्यांत जाऊन बसले. मला वाटते हे टोकियोपेक्षा अवघड असेल, पण मी लहान आहे, मला नक्की ठाऊक नाही. १९७१ साली त्यांना नॉर्वे देशात अपंगांच्या खेळांना पाहुणे म्हणून बोलावले होते. पाहुणे म्हणून नुसते बसायचे सोडून ते खेळायलाच उतरले. तिथे बर्फावरून घसरत्या गाडीची शर्यत होती. इथिओपियाच्या माणसाचा आणि बर्फाचा काय संबंध? तरी ती त्यांनी जिंकली.

१९७२ साली म्युनिकच्या ऑलिंपिकला ते चाकाच्या खुर्चीतून आले तेव्हा सगळे लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या वर्षीची मॅरेथॉन अमेरिकेच्या फ्रँक शॉर्टर यांनी जिंकली. पदक मिळाल्यावर ते अबेबे यांच्याकडे गेले आणि त्यांच्याशी हात मिळवला.

२५ ऑक्टोबर १९७३ रोजी अदिस अबाबा येथे मेंदूत रक्तस्राव होऊन अबेबे बिकिला वारले. वय अवघे ४१ होते. अंत्ययात्रेला हजारो लोक होते आणि बादशहासुद्धा आले होते. अदिस अबाबात त्यांच्या नावाचे एक क्रीडांगण आहे. २०१० साली रोमच्या मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचाच सिराज गेना पहिला आला. शेवटचे ३०० मीटर त्याने बूट काढून धावून दाखवले, अबेबे यांची आठवण म्हणून.

हे सगळे मी सांगितले तेव्हा तात्या काही बोलले नाहीत. तोंड भिंतीकडे करून झोपले. आजी मला रागावली की अशा गोष्टी कशाला सांगतेस. मला रात्रभर वाईट वाटले. सकाळी शाळेत निघाले तर तात्यांनी हाक मारली आणि विचारले की बसून धनुष्य ओढताना खुर्ची मागे सरकत नाही का. मला ते ठाऊक नव्हते. मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी सांगितले की चाकांना अडकण लावतात.

मग तात्यांनी माझ्याकडून खुर्चीवरचे कपडे काढवून घेतले. आबांनी दोन्ही चाकांखाली विटा लावल्या. तात्यांनी ओल्या बांबूची कामटी विळ्याने तासली, सुतळी बांधली आणि ज्वारीच्या ताटाचे बाण केले. परड्यात पोत्यात भुसा भरून मी ते बाभळीला टांगले आहे आणि त्यावर कोळशाने गोल काढला आहे. पहिल्या दिवशी सात बाण मारले. एकही पोत्याला लागला नाही. एक शेणीच्या ढिगात रुतला आणि एक आजीच्या पापडाच्या खाटेवर पडला. आजी ओरडली. तात्या म्हणतात सुतळी सैल पडते, तागाची चांगली दोरी पाहिजे. शनिवारच्या बाजारात आबा आणणार आहेत.